विजयदुर्ग: साहेबाचे ओटे, श्रावणातला पाऊस आणि तीस वर्षांचा घोळ

विजयदुर्गला जायचं तर ऑगस्टातच, हा हट्ट माझ्या मेहुण्याचा. त्याला आकाशदर्शनाचा नाद आहे, आणि किल्ल्यातल्या 'साहेबाच्या ओट्यां'बद्दल तो वर्षानुवर्षं आमचं डोकं खातोय. ऐकीव गोष्ट अशी की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गात दुर्बिणी लावून हेलियमचा शोध लावला, आणि दुर्बिणी ठेवायला बांधलेले चौथरे म्हणजे साहेबाचे ओटे. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम डे पण साजरा होतो. मेहुण्याचं म्हणणं, हे असं झालेलंच नाही, आणि का नाही ते ऑगस्टात तिथे उभं राहिलं की पुस्तक न उघडता कळतं. यंदा १५ ऑगस्ट, गोकुळाष्टमी आणि रविवार असं सगळं एकाला एक लागून आलं, मग काय निघालो. मी, बायको, मेहुणा आणि त्याची आठवीतली मुलगी.

पहिला दिवस: पुणे ते विजयदुर्ग

कोल्हापूरपर्यंतचं काही सांगत नाही, हायवे तो हायवे. खरी मजा गगनबावड्यापासून. करूळ घाटात शिरलो आणि समोरची गाडी दिसेना इतकं धुकं, मधेच ते फाटायचं आणि कड्यावरून चार-पाच धबधबे एकदम समोर यायचे, की परत सगळं पांढरं. पोरगी खिडकीची काच खाली करून बसलेली, आत पाणी येतंय म्हणून तिची आत्या ओरडतेय, आणि मेहुणा शांतपणे म्हणतोय "बघा, हे ढग लक्षात ठेवा, उद्या कामाला येणारेत".

(पावसाळ्यात जाणार असाल तर निघायच्या आधी घाट चालू आहे का ते नक्की विचारून घ्या. करूळला दरडी पडतात, बंद असला तर भुईबावडा किंवा फोंडा घाटाने जावं लागतं. आणि पेट्रोल तळेऱ्यालाच भरा, पुढे पन्नास-एक किलोमीटर निवांत रस्ता आहे, टाकीची काळजी करत तो घालवू नका.)

तळेरे सोडलं की रस्ता अरुंद होतो आणि बरा होतो, म्हणजे डोळ्यांना बरा. भातखाचरं गच्च हिरवी, सड्यावर पिवळी-जांभळी रानफुलं नुकती सुरू झालेली, वाघोटणला खाडी लागली की आंब्याच्या बागा. पडेल कँटीन नावाचा एक तिठा लागतो, कँटीनवरून तिठ्याला नाव पडलंय. तिथे चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, "खंयसून इलास?" पुण्याहून म्हटल्यावर बाहेर कोसळणाऱ्या पावसाकडे आणि मग आमच्याकडे बघून म्हणाला, "किल्लो खंय पळान जाता? एप्रिलात येवचा हुता, आंबे तरी गावले असते." पॉइंट होता.

पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मुक्काम एका घरगुती ठिकाणी, समोर खाडी, मागे माड, अंगणात झाप लावलेले. त्या घरच्या काकूंचा अष्टमीचा उपास, घरात मातीचा कृष्ण आणलेला. आम्ही आपले गुपचूप मॅगीच्या तयारीने गेलो होतो, पण काकू म्हणाल्या थांबा, जन्म झाला की जेवायचंच आहे सगळ्यांनी. मग रात्री बारानंतर जे पान वाढलं गेलं ते या सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात भारी जेवण. शेगलाची भाजी, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भरपूर ओलं खोबरं घातलेली, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि लोखंडी तव्यावरच्या जाड जाळीदार आंबोळ्या. अष्टमीला इकडे घरोघरी हेच असतं. मी किती आंबोळ्या खाल्ल्या ते विचारू नका. मासे नाहीत म्हणून वाईट वाटायचं मनात आलं होतं, ते तिथल्या तिथे गेलं. (श्रावणात बऱ्याच घरगुती ठिकाणी मासे शिजवत नाहीत, ज्यांना हवेच आहेत त्यांनी बुकिंगच्या वेळीच विचारा, तिथे जाऊन तोंड पाडू नका.)

जेवताना मेहुण्याने १८६८ च्या ग्रहणाची अजून एक गोष्ट सांगितली. सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा मोंगकुट स्वतः गणित करणारा माणूस, त्याने या ग्रहणाचं भाकीत केलं, पाहुण्यांना बोलावून दलदलीच्या किनाऱ्यावर तळ ठोकला, ग्रहण अगदी बरोबर दिसलं पण तिथे मलेरिया झाला आणि दीड महिन्यात राजा गेला. काकू म्हणाल्या, "म्हणान गिरानात भायर जावचा नाय." आता यावर काय बोलणार.

दुसरा दिवस: किल्ला

सकाळी पाऊस थांबला नव्हताच, फक्त बारीक झाला होता. किल्ला मुक्कामापासून चालत. आज आपण रस्त्याने सरळ दरवाजापर्यंत जातो पण पूर्वी जमिनीच्या बाजूला खंदक होता, म्हणजे चारी बाजूंनी पाणीच. मारुतीच्या देवळावरून पुढे वाट अशी वळते की दरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा आपण दोन्हीकडून तटाच्या माऱ्यात उभे असतो. पोरीने लगेच वर बघून "बाबा, आपण मेलो" असं जाहीर केलं. तिहेरी तटबंदी, एकाच्या आत एक. जांभ्याचे आणि काळे दगड, सगळ्यावर शेवाळं, फटीफटीतून नेची.

इतिहास थोडक्यात सांगतो, नाहीतर पोस्ट संपायची नाही. मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याचा, बाराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी बांधलेला. जुनं नाव घेरिया, इंग्रज शेवटपर्यंत घेरियाच म्हणायचे. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला, तेव्हा विजय संवत्सर चालू होतं म्हणून विजयदुर्ग असं सांगतात. पुढे आंग्र्यांचा मुख्य तळ. खाडी आत लांबवर जाते, मोठ्या बुडाची परकी जहाजं तिथे शिरू शकत नाहीत, आंग्र्यांची गलबतं मात्र आरामात आत जाऊन बसायची. शिवाय किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रात पाण्याखाली एक भिंत सापडलीये, शंभर मीटरपेक्षा लांब, जवळ येणाऱ्या जहाजाचं बूड तिच्यावर आपटणार.

एवढं सगळं असून किल्ला पडला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये, आणि त्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते हे शाळेत आपण जरा पटकन उरकतो. तुळाजी आंग्रे तहाची बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेला, इकडे ॲडमिरल वॉटसनने समुद्रातून तोफा डागल्या आणि क्लाइव्ह फौज घेऊन किनाऱ्यावर उतरला. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेलं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज तिथेच उभं होतं, त्याला आग लागली आणि ती आजूबाजूच्या गलबतांना लागत लागत अख्खं आरमार जळालं. म्हणजे पिढ्यांनी उभं केलेलं आरमार एका दुपारीत गेलं, आणि आपल्याच माणसांच्या मदतीने. दीड वर्षाच्या आत हेच दोघं, वॉटसन आणि क्लाइव्ह, बंगालात प्लासीच्या मोहिमेवर होते. मला हे वाचून दरवेळी राग येतो, तटावर उभं राहून जरा जास्तच आला.

नंतर किल्ला पेशव्यांकडे आला, आरमाराचे सुभेदार धुळप इथूनच कारभार बघायचे, १८१८ ला परत इंग्रज. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले त्यात विजयदुर्ग आहे. आनंद आहेच, पण २०२० च्या पावसाळ्यात इथल्या तटाचा भाग ढासळला होता, आणि आजही झाडांची मुळं दगडांच्या फटीत हाताएवढी जाड झालेली दिसतात. यादीत जाणं वेगळं आणि ती मुळं काढणं वेगळं.

आत सदर, खलबतखाना, दारूकोठार, तलाव, भवानीचं देऊळ असं बघत बघत साहेबाच्या ओट्यांपाशी आलो. खरं सांगू का, पहिल्यांदा बघणाऱ्याचा अपेक्षाभंग होणार. साधे दगडी चौथरे, गवतात बुडालेले. आम्हाला वाट दाखवायला एक आजोबा आपणहून बरोबर आले होते, डोक्यावर खोळ, हातात कोयता. त्यांनी कोयत्याने गवत बाजूला केलं आणि सुरू झाले. १८६८, लॉकेर सायब, सूर्यात नवा वायू दिसला, तोच तुमच्या फुग्यातला हेलियम. छान सांगत होते, मुलीने तर व्हिडिओच काढला.

मेहुणा गप्प. मग त्याने हळूच विचारलं, "आजोबा, आज तारीख काय? सोळा ना? मग सूर्य कुठंय?"

आजोबांनी वर बघितलं. वर राखाडी रंगाचं एकसलग छत, समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. आजोबा मिश्कील, म्हणाले, "तेवा उघाप पडली आसतली."

पडली असेलही. पण खरी अडचण वेगळीच आहे. १८६८ च्या ऑगस्टात लॉकियर भारतात नव्हताच. तेव्हा तो लंडनला युद्ध खात्यात कारकुनी करायचा, खगोलशास्त्र त्याचा फावल्या वेळचा उद्योग. ग्रहणाचा पट्टा याच किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेला हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होता. हर्शेल घराण्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात, दुर्बीण लावून बसला होता, आणि त्याला ढगांच्या फटीतून जेमतेम बघता आलं. जमखंडीला, सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस कमी तिथे ही गत, तर ऐन श्रावणात विजयदुर्गाला काय दिसणार? दुर्बिणी घेऊन समुद्रापार येणारा शहाणा माणूस ऑगस्टात कोकणाचा किनारा निवडेल का, एवढंच मेहुण्याचं म्हणणं, आणि आमचे बूट-सॉक्स भिजून चप-चप आवाज करत असताना ते एकदम पटलं.

सूर्याच्या प्रकाशातली ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला, ती लॉकियरने बघितली २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडातच, ग्रहण नसताना. स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, बनवून मिळायला उशीर झाला म्हणून ऑक्टोबर उजाडला. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा असतात, त्यांच्या शेजारी ही तिसरी, जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून मग हेलियम. ग्रहण नसताना सूर्याच्या कडेच्या ज्वाळा बघायची युक्ती जान्सेनलाही गुंटूरला सुचली होती, दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली असं सांगतात, आणि फ्रान्सने दोघांचं मिळून पदक काढलं.

मग ओटे कोणाचे? इथे गोष्ट मस्त वळण घेते. ओट्यांचा साहेब लॉकियरच. फक्त तो आला १८९८ मध्ये, २२ जानेवारीच्या खग्रास ग्रहणाला! तो पट्टाही विजयदुर्गावरूनच गेला होता. तोवर लॉकियर साठी ओलांडलेला, आदल्याच वर्षी 'सर' झालेला, म्हणजे कागदोपत्री खराखुरा साहेब. बरोबर 'मेल्पोमिनी' नावाची इंग्रजी युद्धनौका, आणि तिच्यावरचे खलाशी व अधिकारी त्याने कामाला लावले. कोणी यंत्रं धरायची, कोणी कॅमेऱ्याच्या प्लेटा बदलायच्या, कोणी सूर्याचं तेज बघून हाताने चित्र काढायचं, सगळ्याची आधी कवायत. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची, चुकायला वावच नाही. रॉयल सोसायटीच्या अहवालात विजयदुर्गचं नाव त्यांच्या स्पेलिंगमध्ये 'विझियाद्रुग' म्हणून छापलंय, ते पान मेहुण्याने मोबाइलवर आणलं होतं आणि छत्रीखाली उभं राहून आजोबांना दाखवलं.

याच ग्रहणाला पुण्याच्या वेधशाळेचे नेगमवाला करमाळ्याजवळ जेऊरला तळ ठोकून होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसंही तिथेच. म्हणजे १८९८ च्या जानेवारीत विजयदुर्ग ते विदर्भ असा महाराष्ट्राचा पट्टाच जगभरातल्या दुर्बिणींनी भरला होता, मुंबई-पुण्यात प्लेगचा हाहाकार चालू असताना. हे आपल्याला कोणी सांगतच नाही. आणि हेलियम तर १८९५ ला विल्यम रॅमसेने प्रयोगशाळेत पृथ्वीवरच्या खनिजातून काढून दाखवलाही होता, त्यामुळे लॉकियर इथे शोध लावायला नाही, जिंकून आलेला म्हणून उभा असणार.

माझा अंदाज असा की हेलियमवाला साहेब इथे आला होता ही गावाची आठवण अगदी पक्की, आणि हेलियमचा शोध १८६८ चा हे पुस्तकात. दोन्ही खरं, कोणीतरी कधीतरी एकत्र बांधलं. मला विचाराल तर १८९८ ची गोष्ट जास्त भारी आहे. युद्धनौका, कवायत करणारे खलाशी, जानेवारीचं निळंभोर आभाळ आणि भर दुपारी किल्ल्यावर पडलेला काळोख. ती सोडून लंडनमधला शोध कशाला ओढून आणायचा?

आजोबांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हंजे सायब इल्लो?" आलेला. "ओटे त्याचेच?" त्याचेच. "मग झाला तर." आणि पुढे चालायला लागले.

(किल्ला नीट बघायला अर्धा दिवस लागतो. पावसात तटावर शेवाळं भयंकर निसरडं, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. ओटे स्वतःहून सापडणं कठीण, गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याला पैसे द्या, आमच्या आजोबांनी नको नको केलं तरी दिले.)

दुपारी परत आलो तर गावात दहीहंडी! लाउडस्पीकर होता पण आवाज बेताचा, हंडी माडाच्या उंचीची नाही, तीन थरांची, आणि सगळं गाव पावसातच भिजत असल्यामुळे पाणी ओतायची गरजच नव्हती. आमची पोरगी दहा मिनिटांत तिथल्या मुलींमध्ये घुसली, घरी चिखलाचा पुतळा परत आला.

संध्याकाळी गिर्येला रामेश्वर. हे चुकवू नका. रस्त्यावरून देऊळ दिसतच नाही, कातळ खोदून केलेल्या घळीसारख्या वाटेने खाली उतरायचं, दोन्हीकडून झिरपणारं पाणी, आणि खाली खोलगटात अचानक मोठं अंगण आणि कौलारू देऊळ. आत भिंतींवर जुनी चित्रं, काही पुसट झालेली. समोर संभाजी आंग्र्यांची समाधी. अंगणात जहाजाची डोलकाठी उभी आहे, आणि घंटा पोर्तुगीज जहाजावरची, धुळपांनी लढाईत मिळवलेली, असं तिथे सांगतात. मी घंटा वाजवली, आवाज बराच वेळ घुमत राहिला. आरमाराबद्दल किल्ल्यापेक्षा मला या देवळात जास्त काहीतरी कळल्यासारखं वाटलं, का ते नीट सांगता येणार नाही.

तिसरा दिवस: कुणकेश्वर, देवगड आणि परत

सकाळी काकूंनी घावणे आणि नारळाचा रस दिला, शिवाय वाटेसाठी डब्यात उरलेली शेगलाची भाजी. निघताना "तुमचो हिशोब नंतर करू" म्हणाल्या, म्हणजे काय ते कळलं नाही, आम्ही आपला त्यांच्या मुलाला यूपीआय केला.

कुणकेश्वराला श्रावणाची गर्दी होती पण रविवार होता, सोमवारी म्हणे पाय ठेवायला जागा नसते. देवळाच्या पायथ्याशी समुद्र, उधाणाच्या लाटा पायऱ्यांच्या दिशेने धावून येताहेत असं वाटत होतं. खडकातली शिवलिंगं ओहोटीलाच दिसतात, आम्हाला भरती मिळाली, त्यामुळे नुसताच फेस. (भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी कुठल्याही मच्छीमाराला विचारा, ॲपपेक्षा बरोबर सांगतात.) पावसात पाण्यात उतरायचं नाही, तिथे पाट्या आहेत, आणि तरी चारजण उतरलेले होतेच, त्यांच्यावर शिट्ट्या मारणारा माणूसही होता.

देवगडला पवनचक्क्या बघितल्या, धुक्यात नुसती पाती दिसायची, खांब गायब. बाजारात हापूसचा सीझन संपलेला पण आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं आगळ भरपूर. आगळ घेताना मीठ किती घातलंय ते विचारा, आम्ही विचारलं तर दुकानदार खूश झाला आणि चमच्यावर चाखायलाच दिलं. बायकोने उकडे तांदूळ घेतले, डिकी भरली.

नांदगाव-फोंडा घाट-राधानगरी असं परत. गाडीत पोरीने तिच्या व्हिडिओला नवीन आवाज लावला, आजोबांचं १८६८ तसंच ठेवून खाली १८९८ ची ओळ लिहिली आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. वाघोटण खाडीतली कातळात खोदलेली आंग्रेकालीन गोदी मात्र राहिली, पावसात तिथल्या चिखलात उतरवेना, आणि होड्याही बंद होत्या. ती आता कोरड्या दिवसांत. मेहुण्याने २२ जानेवारीच्या रजेचा अर्ज आत्ताच टाईप करून ठेवलाय, कारणाच्या जागी 'कौटुंबिक' लिहिलंय.